सारमेयाचं गाऱ्हाणं

महाभारतातली जनमेजयाची कथा सुरू होते ती एका पिल्लाला बसलेल्या मारापासून. कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचं सत्र, म्हणजे लांबलचक यज्ञ चाललेला, सोबत श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन हे तीन भाऊ. (हा भीमसेन वेगळा. गदावाल्या भीमाच्या पणतवंडांच्या पिढीतला.) तिथे सरमेचं, म्हणजे देवांच्या कुत्रीचं पिल्लू येतं. भाऊ त्याला बडवून हाकलून देतात. ते रडत आईकडे जातं. आई आधी काय म्हणते? तूच काहीतरी केलं असशील, उगाच कोण कशाला मारेल! ठाण्यातलीही कुठली आई हेच म्हणाली असती. पिल्लू म्हणतं, मी काहीच केलेलं नाही. हवीकडे, म्हणजे होमात अर्पण करायच्या जिनसांकडे, मी पाहिलं नाही की त्याला जीभ लावली नाही. मग सरमा तडक तिथे जाऊन जाब विचारते. कुणाकडेच उत्तर नसतं. तेव्हा ती शाप देते: काही केलं नसताना माझ्या पोराला मारलंत, तुमच्यावर ध्यानीमनी नसताना भय येईल. सत्र आटोपून हस्तिनापूरला परतलेला राजा इतका धास्तावतो की या शापाला उतारा देईल असा पुरोहित शोधत हिंडतो आणि शेवटी सोमश्रव्याला घेऊन येतो.

एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दारातच व्यासांनी हे पिल्लू बसवलंय. शेवटाकडे धर्मराजाच्या मागोमाग चालत जाणारा कुत्रा सगळ्यांच्या लक्षात राहतो. या पहिल्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

आमच्याकडे ती वरचेवर निघते, कारण आईंना (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो) ही गोष्ट जवळजवळ पाठ आहे, आणि गेल्या पावसाळ्यापासून घरात खारी आहे. खारी देशी. नाव रंगावरून पडलंय. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका बाईंनी भाजीबाजाराच्या मागून आईसकट सगळी पिल्लं उचलून आणली होती. आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय एकही पिल्लू घराबाहेर द्यायला त्या तयार नव्हत्या. कुणी कितीही गळ घातली तरी नाही. त्या हट्टामागचं कारण पुढे येईल.

पिल्लाला वळण लावायचं यावर घरात एकमत होतं. वळण म्हणजे नेमकं काय, यावर अजिबात नव्हतं. आईंच्या मते देवघरात जायचं नाही आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, बाकी काहीही चालेल. नवऱ्याला सोफ्याची काळजी. लेक सातवीत, त्याच्या लेखी कुत्र्याला वळण लावणं हाच मुळात अन्याय. मला माझे घोटे आणि गाऊनची झालर शाबूत हवी होती. कामाला येणाऱ्या मावशींची अट सगळ्यांत सुटसुटीत: "ताई, ते माझ्या जवळ नाय आलं पायजे." शिवाय हुकूम सोडायच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. नवरा 'सिट' म्हणायचा, मी 'बस' म्हणायचे आणि आई म्हणायच्या, "अगं टेक की जरा खाली, किती नाचशील!" खारी मान तिरकी करून सगळ्यांचं सारख्याच आदराने ऐकायची आणि नाचत राहायची. शेवटी लेकाने फ्रिजवर कागद चिकटवला. बस, ये, सोड, जागेवर. बास. याबाहेरचं तिच्याशी हवं तेवढं बोला, पण ते तिने ऐकावं अशी अपेक्षा ठेवू नका, असं त्याने खाली लाल पेनाने लिहिलं. त्याच्या शाळेच्या वहीत इतकं नेटकं अक्षर मी पाहिलेलं नाही.

पहिला विषय अर्थातच शू. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवला की साधारण तितके तास ते धरू शकतं, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास, आणि तेही गाढ झोपेत असलं तर. खाऊन झाल्यावर, खेळून झाल्यावर आणि डोळे उघडल्या उघडल्या हा हिशेब कोलमडतो. तेव्हा हिशेबाच्या नादी न लागता त्या तिन्ही वेळा पकडायच्या. जमीन हुंगत गोल फिरायला लागली की उचलायची, बाल्कनीत रद्दीवर नेऊन ठेवायची आणि गप्प उभं राहायचं. झालं की तिथल्या तिथे 'शाब्बास' आणि खाऊ. 'तिथल्या तिथे' हे महत्त्वाचं. केलं ते आणि मिळालं ते, यांत एखाद-दोन सेकंदांहून जास्त अंतर पडलं की पिल्लाच्या डोक्यात दोघांची सांगड बसत नाही. आत हॉलमध्ये आणून मग बिस्किट दिलंत तर ते हॉलमध्ये आल्याचं बक्षीस ठरतं. वर्तमानपत्राचा इतका सर्वांगीण उपयोग आमच्या घरात आधी कधी झाला नव्हता.

आपल्याकडे या दुखण्यावर पिढीजात इलाज आहे. मानगूट धरायचं, त्या ओल्यात नाक घासायचं आणि पेपरची सुरळी करून एक फटका द्यायचा. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने तो सुचवला, काहींनी प्रात्यक्षिकाचीही तयारी दाखवली. पण पाच मिनिटांपूर्वीची शू आणि आत्ताचा फटका यांचा संबंध त्या जिवाला लावताच येत नाही. ते शिकतं ते वेगळंच: जमीन ओली असली आणि माणूस जवळ असला की आपलं काही खरं नाही. मग ते पुढच्या वेळी सोफ्याच्या मागे जाऊन करतं, आणि आपण म्हणतो, बघा, कसं लबाड आहे, लपून करतं! लबाडी आपणच शिकवलेली असते. आणि पुसायचं फिनेल? त्याने आपल्या नाकाचं समाधान होतं, तिच्या नाही. तिला त्या जागेची ओळख पुसट झालेलीच नसते, ती पुन्हा तिथेच जाते. अमोनियाचा वास असलेलं काही तर वापरूच नये, लघवीतही तोच वास असतो. एन्झाइमवालं द्रव मिळतं, ते थोडं महाग पडतं पण मुळावर घाव घालतं.

बाल्कनी का, खाली सोसायटीच्या आवारात का नाही, असं सगळे विचारायचे. कारण पार्व्हो. १९७८ साली हा विषाणू कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा ठळकपणे दिसला आणि पाहता पाहता जगभर पसरला. लहान पिल्लांना उलट्या आणि रक्ताची हगवण लागते आणि काही दिवसांत खेळ आटोपू शकतो. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, आणि आपल्या चपलांना लागून तिसऱ्या मजल्यावरही येऊ शकतो. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात. तोवर रस्त्यावर पाय ठेवायचा नाही.

इथे खरी पंचाईत होते. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं कशी वाढतात ते पाहिलं आणि १९६५ साली ते सगळं पुस्तकात मांडलं. त्यांच्या आणि त्यांच्यासोबतच्या मंडळींच्या कामातून एक गोष्ट पक्की झाली. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. या काळात जे भेटेल ते आपलं. पुढे भेटेल ते परकं, आणि परक्याची भीती. चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवासच मिळू न दिलेली पिल्लं नंतर माणसाच्या जवळ यायला तयार होईनात. म्हणजे लस पुरी होईस्तोवर घरात ठेवावं तर मनाचं दार बंद होणार, आणि दार उघडं आहे तोवर बाहेर न्यावं तर पार्व्हो.

उपाय साधा आहे: पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, पण जग दाखवायचं. लेकाच्या जुन्या शबनम पिशवीतून खारी ठाणं हिंडली. रिक्षाचं फटफट, स्टेशनजवळची गर्दी, छत्र्या, रेनकोट घातलेली माणसं, भाजीवाल्याची आरोळी, काठी टेकत चालणारे आजोबा. हेल्मेट घातलेल्या माणसाला ती प्रथम भ्यायली, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाने जिन्यात हेल्मेट काढून, घालून, काढून दाखवलं आणि दर वेळी तिला पनीरचा तुकडा दिला. आता तिला वाटतं, हेल्मेट घातलेली माणसं पनीर बाळगतात. घरात कुकरची शिट्टी आणि मिक्सर यांच्याशी तिची ओळख जेवणाच्या वाडग्यासमोर झाली.

आणि ढोल. गणपती तोंडावर आलेले. ढोलताशाचा आवाज मोबाइलवर आधी अगदी बारीक लावायचा, ती खात असताना. दोन-चार दिवस गेले की एक घर मोठा. ती कान टवकारून खाणं थांबवील तर पुन्हा बारीक. हे काम लेकाने इतक्या निष्ठेने केलं की आम्हाला सगळ्यांना जेवताना ढोलाची सवय झाली. चतुर्थीला नाक्यावरून पथक वाजत गेलं तेव्हा खारी बाल्कनीच्या जाळीतून पाहत होती आणि मागे वळून वाडग्याकडे बघत होती. दिवाळीचे फटाके हा वेगळा आणि जास्त कठीण विषय आहे. त्यात आम्हाला निम्मंच यश आलं. त्या चार दिवसांत खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा फुल आणि ती कपाटाच्या कोपऱ्यात गेली तर जाऊ द्यायचं. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढते असं म्हणतात, त्यात तथ्य नाही. भीती ही काही लाडाने वाढणारी सवय नव्हे.

चावण्याचं मात्र मला मनापासून लिहायचंय, कारण माझे हात त्याचे साक्षीदार आहेत. पिल्लाला दुधाचे दात अठ्ठावीस, आणि एकेक सुईच्या टोकाचा. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात, आणि तोवर हिरड्यांना सारखं काहीतरी चघळायला लागतं. टेबलाचे पाय, चार्जरची वायर, आईंच्या काठीचं रबर. फ्रिजमध्ये ठेवलेलं गाजर आणि ओलं करून गोठवलेलं फडकं यांनी बराच भार उचलला. पण माणसाला किती जोराने चावायचं नाही, हे मुळात पिल्लू भावंडांत शिकतं. जोरात चावलं की समोरचं पिल्लू केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईही दोन गोष्टी शिकवते. आठ आठवड्यांच्या आधी तिथून उचललेल्या पिल्लाची ही शाळा बुडते. त्या बाई अडून बसल्या होत्या त्या यासाठी.

राहिलेला अभ्यासक्रम घरी पुरा करायचा होता. ओरडून, हात झटकून तो होत नाही. हलणारा हात आणि ओरडणारं माणूस म्हणजे पिल्लासाठी रंगात आलेला खेळ. लेकाने तोड काढली. दात लागले रे लागले की ज्याला लागले त्याने ओरडायचं, "स्टॅच्यू!" आणि घरातल्या सगळ्यांनी आहे तिथे थिजायचं. बोलायचं नाही, बघायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. खारीला कंटाळा येऊन ती खाली बसली की खेळ पुन्हा सुरू. एका सकाळी दूधवाला आला तेव्हा दार उघडं होतं आणि आत चार माणसं निरनिराळ्या पोझमध्ये उभी होती. आईंचा एक हात समईत वात घालायला पुढे झालेला, नवऱ्याच्या तोंडात ब्रश. त्याने पिशव्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि आवाज न करता निघून गेला. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "वहिनी, घरी सगळं ठीक ना?"

आता छत्रीची गोष्ट. नवरा ऑफिसातून भिजून आला, छत्री दाराआडच्या कोपऱ्यात उभी केली आणि आंघोळीला गेला. बाहेर आला तर कोपऱ्यात हे एवढं थारोळं. "खारी! हे काय?" खारी जेवणाच्या टेबलाखाली झोपली होती. नाव ऐकून उठून आली, आवाज ऐकला आणि अर्ध्या वाटेत तिचे कान मागे गेले. नजर भिंतीकडे. पोट फरशीला टेकलं, शेपटीचं टोक तेवढं जमिनीलगत हलत होतं, जीभ पुन:पुन्हा ओठांवरून फिरत होती. "बघ, चेहरा बघ तिचा, कळतं तिला सगळं," नवरा म्हणाला. आणि त्याच क्षणी तिला घाबरून थोडी शू झाली. खरोखरची. आता हॉलमध्ये दोन थारोळी होती, एक छत्रीचं आणि एक ओरड्याचं. छत्रीच्या टोकावरून अजून थेंब पडत होते. आई खुर्चीतून म्हणाल्या, "सरमेला बोलावू का?"

या चेहऱ्यावर प्रयोग झालेला आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी तो २००९ साली प्रसिद्ध केला. चौदा पाळीव कुत्रे होते. मालकाने बिस्किटाला तोंड लावायचं नाही असं बजावून खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्र्याला ते बिस्किट खाऊ दिलं जायचं, कधी ते उचलून ठेवलं जायचं. परतलेल्या मालकाला मात्र कधी खरं सांगायचं, कधी खोटं. निष्कर्ष असा की ज्याला आपण अपराधी चेहरा म्हणतो त्याचा कुत्र्याने काय केलं याच्याशी संबंध निघाला नाही. संबंध निघाला तो मालक रागावला की नाही याच्याशी. आणि तो चेहरा सर्वांत ठळक कुणाचा होता? ज्याने बिस्किटाला तोंड लावलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्याचा. हवीकडे पाहिलं नाही, चाटलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे चेहरा हा पुरावा धरला जात नाही. एवढं एक मान्य केलं की वळण लावण्यातला अर्धा आरडाओरडा आपोआप गळतो. कारण गुन्हा, कबुली, शिक्षा ही सगळी कचेरी आपल्या डोक्यात भरलेली असते. समोरचं पिल्लू फक्त म्हणत असतं की तुमचा आवाज चढलाय, मला काही करू नका.

चौथ्या मजल्यावरच्या काकांना हे अर्थात पटत नाही. त्यांच्याकडे कधीकाळी अल्सेशियन होता आणि त्याच्या आठवणी त्यांच्याकडे अजून आहेत. "मालक कोण ते दाखवून द्या. आधी तुम्ही जेवा, मग तिला. ऐकलं नाही तर उताणी पाडून दाबून धरा." काका मनाने मऊ आहेत, खिशात खारीसाठी काहीबाही ठेवतात. पण या विचाराचं मूळ लांब आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बासलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका आवारात ठेवलेले. त्यांच्यात मारामाऱ्या होणारच. डेव्हिड मेक या अमेरिकन लांडगेतज्ज्ञाच्या १९७० सालच्या पुस्तकातून 'अल्फा' लांडगा घरोघरी पोचला. पुढे मेक कॅनडातल्या एल्झमिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांसोबत उन्हाळ्यामागून उन्हाळे राहिले आणि त्यांना दिसलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची मागचीपुढची पिल्लं. कुणी लढून गादी मिळवत नाही, आईबाप असतात म्हणून पुढे असतात. १९९९ साली त्यांनी तसं लिहिलं आणि आपलं ते जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. अभ्यासकाने स्वतःचं म्हणणं इतक्या जाहीरपणे मागे घेतलं, तरी त्याचा अल्फा आमच्या चौथ्या मजल्यावर अजून राहतो. शिवाय खारी लांडगा नाही. तिचे पूर्वज हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्याच्या कडेने राहिले, माणसाचा चेहरा वाचत. तिला उताणी पाडून काय वाचायला लावणार?

मग शिकवायचं कसं? 'हे करू नको' हे पिल्लाला शिकवता येत नाही, कारण त्याच्या जागी काय करायचं ते त्यात कुठेच नसतं. सोफ्यावर नको, उंबऱ्यात नको, पायात नको, देवापाशी नको. आम्हीही असंच वाढलो. घरभर 'नको'. मग असायचं कुठे? आईंनीच यावर उत्तर काढलं. माळ्यावरून एक गोणपाट उतरवला, धुऊन, चौपदरी शिवून जेवणाच्या टेबलापासून चार हातांवर अंथरला. म्हणाल्या, "हा हिचा पाट." खारीने चुकून त्यावर एक पाय ठेवला की "शाब्बास" आणि पनीरचा चण्याएवढा तुकडा, तोही गोणपाटावरच टाकायचा. मग दोन पाय ठेवल्यावर. मग बसल्यावर. मग बसून राहिल्यावर. 'जागेवर' हा शब्द ती जायला लागल्यानंतर जोडला, आधी नाही. याच रीतीने बी. एफ. स्किनर यांनी १९५१ सालच्या एका लेखात जनावरांना शिकवण्याची कृती सांगितली होती; त्यांनी खुणेसाठी जत्रेत मिळतं तसलं पत्र्याचं टिकटिक करणारं खेळणं वापरायला सुचवलं होतं. आमच्याकडे ती टिकटिक म्हणजे आईंचं 'शाब्बास'. एकाच सुरात, दर वेळी तस्संच. चाळीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांवर शिकवल्याचा तो फायदा.

गणपतीत नैवेद्याचं पान मांडलं तेव्हा एकवीस मोदक जमिनीपासून वीतभर उंचीवर होते आणि खारी गोणपाटावर. आरती संपेपर्यंत ती उठली नाही. पण सरमेचं पिल्लू म्हणालं ना, की मी हवीकडे पाहिलंही नाही, ते मला आता पटत नाही. खारीने पाहिलं. टक लावून, लाळ गाळत, घालीन लोटांगण होईस्तोवर पाहिलं. पाहण्याला आमच्याकडे बंदी नाही. (मोदक तिला दिला नाही. सारणात बेदाणे होते. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाला घालू शकतात. कांदा, लसूण आणि चॉकलेटही तिला वर्ज्य.)

उंबऱ्याचं प्रकरण जास्त दिवस चाललं. आई पोळ्या लाटत असताना खारी उंबऱ्याबाहेर येऊन बसायची, आणि आतून एखादा तुकडा यायचा. "मी कुठे रोज देते, कधीतरी एखादा घास." त्या 'कधीतरी'तच सगळी गोम. रोज मिळालं आणि एक दिवस बंद झालं, तर जनावर लवकर नाद सोडतं. कधी मिळतं, कधी नाही, असं झालं की ते हटत नाही. मटका खेळणाऱ्याचा रोज आकडा लागत नाही, म्हणूनच तो रोज खेळतो. आईंना देऊ नका म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती आणि इच्छाही नव्हती. आम्ही फक्त घासाची जागा बदलली. घास मिळेल, आईंच्याच हातून मिळेल, पण गोणपाटावर, आणि सगळ्यांची पानं उचलल्यावर. आठवडाभर तिने उंबऱ्याशी उमेदवारी केली. आधी तर जास्तच केली, कुईकुईचा आवाज वाढवून. तिथे जो टिकेल त्याचं काम झालं. मग ती हळूच सरकत सरकत गोणपाटावर आली.

आणि अंगावर उड्या? त्या सगळ्यांत आधी थांबल्या त्या मावशींच्या अंगावरच्या. आम्ही सगळे उडी आली की "नको गं, नको गं" करत तिला हातांनी ढकलायचो, म्हणजे हात लावायचो, बघायचो आणि बोलायचो. तिला हवं ते तिन्ही. मावशी पहिल्या दिवसापासून तिच्याकडे पाठ करून भांडी घासत राहिल्या. "मला टाइम नाय तुझ्यासाठी." उडी मारली तरी पाठ, नाही मारली तरी काम चालू. खारीने दोन-चार दिवस प्रयत्न करून पाहिला आणि मग मावशींच्या मागे हातभर अंतरावर चारी पाय टेकून बसायला लागली. आता चहा घेताना मावशींचा मोकळा हात नकळत तिच्या डोक्यावर जातो. ज्यांना तिच्याकडून काहीच नको होतं, त्यांनी तिला सगळ्यांत आधी शिकवलं. "ही माझं ऐकती ताई. तुमचं का नाय ऐकत?"

त्याचं उत्तर सध्या आणखीच अवघड झालंय, कारण खारी वयात येतेय. २०२० साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या लुसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी अंधांचे वाटाडे होण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांवर एक अभ्यास मांडला. पाच महिन्यांचा कुत्रा सांभाळणाऱ्या माणसाने 'बस' म्हटलं की बसत होता. आठ महिन्यांचा झाला की त्याच माणसाचं ऐकेनासा व्हायचा. गंमत म्हणजे परक्याने सांगितलं तर ऐकायचा. आमच्याकडे अगदी तेच. 'बस' म्हटलं की खारी माझ्याकडे ओझरतं बघते आणि जिन्याकडे जाते. काकांनी म्हटलं की बसते. त्यावरून काकांचा अल्फा पुन्हा डोकं वर काढतो. घरात तेराव्या वर्षात पाऊल टाकलेला एक मुलगाही असल्याने या संशोधनावर जेवताना फार चर्चा होऊ देत नाही. खाऊ थोडा वाढवला आहे, हुकूम थोडे कमी केले आहेत आणि गळ्यातली दोरी लांब घेतली आहे. यातून ती बाहेर येते म्हणतात. मुलाचं माहीत नाही.

लिफ्टचं जमलं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, पण पाचव्या मजल्यावरची चिमुरडी कुत्र्याला भिते आणि तिला कुठलं परिपत्रक दाखवणार? दार उघडलं आणि आत कुणी असलं तर खारी बसते, आम्ही विचारतो, "येऊ का?" नको म्हटलं तर पुढच्या फेरीला जातो. चिमुरडी हल्ली "या, पण तिकडे तोंड करून" म्हणते.

राहिली दारावरची बेल. ती वाजली की खारी असा काही गलका करते की येणाऱ्याला वाटावं आत चार कुत्रे आहेत. यावरही रीत ठरलेली आहे: बेल, मग गोणपाट, मग खाऊ, आधी रिकाम्या बेलवर सराव. लेकाने तक्तासुद्धा केला होता. पण आईंनी साफ सांगितलं, "बेल वाजल्यावर भुंकायचं नाही, तर मग कुत्रं घरात आणायचं कशाला?" आणि मावशींनी भांड्यांपाशी बसून मान डोलावली. दोन विरुद्ध तीन अशी मतविभागणी आहे आणि कोण कुठल्या बाजूला हे नीटसं उघड होत नाही. तूर्त हा धडा स्थगित आहे. येणार असाल तर खालून फोन करा.